व्यायाम नव्हे, टेनिसही नव्हे

टीव्हीसमोर उभे राहायचे, हातातला छोटासा रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा आणि पडद्यावरच्या खेळाडूने चेंडू परतवायचा. या टेनिसवरून मध्यमवर्गीय घरांत जो वाद झडतो, त्यात दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत असतात. मुलगी म्हणते, यात व्यायाम होतो. बाबा म्हणतात, व्यायामच करायचा तर मैदानावर जा, चार फेऱ्या मार. मुलगी म्हणते, यातून टेनिस शिकता येते. बाबा म्हणतात, असे हात हलवून टेनिस येत असते तर घरोघरी सानिया मिर्झा निपजल्या असत्या. दोघांनीही मनाशी धरलेले गृहीतक एकच: व्यायाम होत असेल किंवा टेनिस येत असेल तर यंत्र घेण्यात अर्थ आहे, नाहीतर पैसे पाण्यात. माझ्या मते व्यायामाच्या मुद्द्यावर बाबांचे पूर्ण बरोबर आहे, टेनिसच्या मुद्द्यावरही त्यांचेच बरोबर आहे, आणि तरीही निकाल मुलीच्या बाजूने लागायला हवा. कारण हा खेळ मैदानाच्या जागी येतच नाही. तो येतो पत्त्यांच्या, कॅरमच्या, मंगळागौरीच्या जागरणाच्या जागी. आणि ती जागा आपल्या घरांत बरीच वर्षे रिकामी पडली आहे.

आधी व्यायामाचा हिशेब मिटवू, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे. २००६च्या नोव्हेंबरात निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘वी’ नावाचे यंत्र अमेरिकेत बाजारात आणले आणि त्याच्या खोक्यातच टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असा पाच खेळांचा ‘वी स्पोर्ट्स’ हा संच देऊन टाकला. पुढे या यंत्राचे जगभरात दहा कोटींहून अधिक नग खपले आणि संचाच्या आठ कोटींहून अधिक प्रती गेल्या. पोरे सोफ्यावरून उठली, एवढ्यावरच आईबाप हरखले. वर्षभरातच लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या अकरा मुलामुलींना हे खेळ खेळायला लावून त्यांची किती ऊर्जा खर्च होते ते मोजले. डिसेंबर २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापून आला. बसून खेळायच्या व्हिडिओ गेमपेक्षा या खेळांत किमान ५१ टक्के ऊर्जा जास्त खर्च होत होती. जाहिरातीला एवढे वाक्य पुरेसे होते. पण त्याच निबंधात पुढे असेही होते की ही ऊर्जा खऱ्या खेळातल्याइतकी नाही, आणि मुलांना रोज जो व्यायाम हवा त्यात ती धरता येणार नाही. अकराच मुले म्हणजे नमुना लहान, हे खरे. म्हणून ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधला अभ्यास जास्त बोलका वाटतो. तिथल्या संशोधकांनी ९ ते १२ वर्षांच्या ७८ मुलांच्या घरी यंत्रच पोचवले; काहींना हालचालीचे खेळ दिले, काहींना बसून खेळायचे, आणि तेरा आठवडे मुलांची हालचाल उपकरणाने मोजली. २०१२ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आलेला निकाल असा, की दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत काही फरक पडला नाही. म्हणजे एकतर मुले जोर लावून खेळली नाहीत, किंवा इथे जेवढी उडाली तेवढी इतर वेळी लोळली. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. टीव्हीसमोरचे टेनिस त्या साठांत धरू नये. इथे बाबा जिंकले.

असे का होते, ते खेळाच्या रचनेतच दिसते. रिमोटच्या आत वेग आणि दिशा बदलल्याची दखल घेणारा कणभर सेन्सर असतो, आज तो प्रत्येक मोबाइलमध्येही आहे. हात फिरला की त्याला झटका कळतो आणि पडद्यावरची रॅकेट फिरते. चेंडूमागे धावण्याचे काम मात्र पडद्यावरचा खेळाडू आपणहून करतो. खऱ्या टेनिसमध्ये पायांना जी मेहनत पडते ती सगळी यंत्राने स्वतःकडे घेतली, तुमच्याकडे ठेवला तो फक्त क्षण. उजव्या हाताने फोरहँड मारताना हात जरा लवकर फिरला तर चेंडू डावीकडे वळतो, उशीर झाला तर उजवीकडे सुटतो, आणि फारच चुकला तर रॅकेट हवेत फिरते. खांद्यापासून हात फिरवून घामाघूम झालेले काका आणि सोफ्यात रेलून नुसते मनगट झटकणारा त्यांचा पुतण्या, यांच्यात खेळाला फारसा फरक कळत नाही, आणि ही गोम पुतण्याला पहिल्या संध्याकाळीच कळलेली असते. टेनिस शिकवणारे प्रशिक्षक या सवयीवर नाक मुरडतील, आणि ते योग्यच आहे. पंधरा-तीस-चाळीस, ड्यूस आणि ॲडव्हान्टेज ही गुणांची रीत सोडली तर कोर्टवर उपयोगी पडेल असे यातून फार काही हाती लागत नाही. (ती रीत कळल्यावर विम्बल्डनची अंतिम लढत आजोबांसोबत पाहता येते, हा नफा लहान नाही.)

पण पायांना रजा दिल्याचा एक परिणाम असा होतो की ज्यांचे पाय साथ देत नाहीत तेही खेळात येतात. माझ्या मते या खेळाची सगळी किंमत इथे आहे. बारा वर्षांचा नातू, पस्तिशीची आई आणि सत्तरी ओलांडलेली आजी एकाच खेळात बरोबरीने उतरतील असे किती खेळ आपल्या घरात आहेत? क्रिकेटमध्ये आजी फार तर पंच. बुद्धिबळात नातू सहा महिन्यांत आजोबांना गाठतो आणि मग दोघांनाही मजा येत नाही. इथे मात्र ताकद, उंची, वजन आणि गुडघे हे सगळे बाजूला ठेवून फक्त वेळ साधायची असते. तव्यावरची भाकरी नेमकी कधी उलटायची हे ज्या हाताला न बघता कळते, त्या हाताला हा क्षण साधायला फार शिकवावे लागत नाही. शिवाय निन्टेन्डोच्या टेनिसमध्ये सामना दुहेरीचाच असतो. एकटा माणूस खेळला तर त्याच्या बाजूचे दोन्ही खेळाडू तोच चालवतो. चौघे जमले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक. म्हणजे कच्च्या खेळाडूला पक्का जोडीदार देऊन डाव बरोबरीचा करता येतो. पत्त्यांच्या बैठकीत घरातली मोठी माणसे जोड्या लावताना हेच तर करतात.

आता पुरावा पाहू. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया काल्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वृद्धांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्येष्ठांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका तरुण जोडीदारासोबत ‘वी’वरचे खेळ खेळले, दुसऱ्या गटाने तसाच जोडीदार घेऊन टीव्ही पाहिला. शेवटी दोन्ही गटांच्या शारीरिक हालचालीत फरक नव्हता. ह्यूस्टनच्या मुलांचीच गोष्ट इथेही. पण खेळणाऱ्यांचा एकटेपणा टीव्ही पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरला आणि त्यांचा मूडही बरा राहण्याकडे कल दिसला. सोबत दोघांनाही होती, म्हणजे फरक नुसत्या सोबतीचा नव्हता. शेजारी बसून एका दिशेला पाहणे आणि समोरच्याने टाकलेला चेंडू परत करणे यातला तो होता. त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी ११ ते १६ वर्षांच्या २८७ मुलामुलींचा अभ्यास छापला. ज्या मुली आईवडिलांसोबत वयाला साजेसे व्हिडिओ गेम खेळत त्यांचे घराशी नाते जास्त घट्ट आणि वागणे जास्त समंजस आढळले. मुलग्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. यावरून खेळामुळेच नाते घट्ट होते असे म्हणता येणार नाही. ज्या घरात आधीच ओढ आहे तिथले आईवडील मुलीसोबत खेळायला बसतात, असेही असू शकते. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि परमुलखातले आहेत. तरी दोन्हींचा रोख एकाच बाजूला आहे: या खेळांनी जो फरक पाडला तो स्नायूंत नव्हे, माणसांमधल्या अंतरात.

आपल्याकडे अशा खेळाची उणीव कुणाला जास्त आहे, याची चुणूक आकडे देतात. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदला घरकामात जात होती, पुरुषाची ९७. दिवसभर राबणारी बाई व्यायामाच्या यादीत मात्र मागे, हा विरोधाभास कुठल्याही गेमने मिटणारा नाही, आणि तसा दावा मी करत नाही. माझा मुद्दा त्याअलीकडचा आहे. नाशिकच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी जाऊन पाहा. मुले क्रिकेट खेळत असतात, पुरुष व्हॉलीबॉल किंवा बॅडमिंटन खेळत असतात, बायका ट्रॅकवर चालत असतात. चालणे चांगलेच, पण ते औषध म्हणून घेतलेले असते. लग्न झालेल्या, चाळिशीच्या बाईला निव्वळ मजेसाठी खेळायला, हरायला, चिडायला, ‘अजून एक डाव’ म्हणायला जागा कुठे आहे?

एके काळी ती होती, आणि घरातच होती. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजली की रात्र जागवायची ती खेळूनच. फुगड्या, झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, लाट्या बाई लाट्या. नवी नवरी, तिची आई, मावशी, शेजारीण, सगळ्याजणी माजघरात पदर खोचून घामाघूम होत. भोंडल्याला पोरीबाळी जमत, त्यांच्यात वयाची अट नव्हती. हे खेळ संपले असे नाही. पण आज ते बहुतेक मंचावर गेले. एकसारख्या नऊवारी, सराव केलेला ताफा, समोर परीक्षक आणि मोबाइल धरलेले प्रेक्षक. खेळाचा कार्यक्रम झाला आणि घरातले खेळणे बंद पडले. अंगाने खेळायचे ते मैदानावरच, घरात बसून फक्त बुद्धीचे किंवा नशिबाचे खेळ, ही विभागणी आपल्या परंपरेत कधीच नव्हती. म्हणून कुणी ‘घरात उड्या मारण्याचे हे कसले फॅड’ असे म्हणू लागला तर त्याला मंगळागौरीची आठवण करून द्यावी. अर्थात फुगडीत जो दम लागतो त्याच्या पासंगालाही हे टेनिस पुरणार नाही, हे कबूल करूनच.

टेनिसचा स्वतःचा इतिहासही घरातूनच सुरू होतो, ही गोष्ट मैदानप्रेमींना सांगण्यासारखी आहे. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने या खेळाचे पेटंट घेतले आणि जाळी, खांब, रॅकेटी आणि चेंडू एका पेटीत घालून तो संच पाच गिनींना विकायला काढला. पेटी घरी न्यायची, अंगणातल्या हिरवळीवर जाळी बांधायची आणि घरच्या, पाहुण्यांच्या बायकापुरुषांनी मिळून खेळायचे. विम्बल्डनची पहिली स्पर्धा त्यानंतर तीन वर्षांनी, १८७७ मध्ये झाली. टेबल टेनिस जेवणाच्या टेबलावरून उठले. बॅडमिंटनमध्ये तर आपलाही वाटा आहे. पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी ते खेळत आणि काही काळ तो खेळ ‘पूना’ म्हणूनच ओळखला जाई. पडद्यावरचे टेनिसही नवे नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून ऑसिलोस्कोपच्या गोल काचेवर चेंडूचा ठिपका इकडून तिकडे उडवणारे टेनिस उभे केले, आणि लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. आज जे खेळ आपण गंभीरपणे घेतो त्यांतले किती तरी आधी पाहुण्यांच्या करमणुकीसाठीच निघाले होते.

आणि हात फिरवून खेळायचे हे टेनिस म्हणजे काही फक्त जपानी चमत्कार नाही. २०१३ मध्ये पुण्याच्या रोलोक्यूल गेम्स या छोट्या कंपनीने ‘मोशन टेनिस’ नावाचा खेळ काढला. त्यात वेगळा रिमोट नव्हता. हातातला आयफोन हीच रॅकेट, आणि त्याचे चित्र ॲपल टीव्हीच्या डबीतून घरच्या मोठ्या पडद्यावर. निन्टेन्डोने ज्यासाठी वेगळे यंत्र विकले ते पुण्यातल्या मुलांनी खिशातल्या फोनवर करून दाखवले. कल्पना अस्सल होती, पण २०१३ साली आयफोन आणि ॲपल टीव्ही हे दोन्ही ज्यांच्याकडे आहेत अशी घरे पुण्यात तरी किती असणार? पुढे अँड्रॉइड फोन आणि क्रोमकास्टसाठीही त्यांनी आवृत्ती काढली. तरी आपल्याकडे या खेळाचा घराघरांत बोलबाला झाला नाही. फोन ही प्रत्येकाची खासगी वस्तू. तो आजीच्या हातात देऊन ‘जोरात फिरव’ म्हणायला कुणाचे मन धजणार? हातातून निसटला तर तीस हजारांचा चुराडा. खेळाचे साधन सगळ्यांचे असावे लागते, हा कॅरमबोर्डाचा गुण त्यात नव्हता.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यात मोठा: शेवटी हा स्क्रीनच, आणि मुलांच्या डोळ्यांपुढे आधीच कमी स्क्रीन आहेत का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला फार तर एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांहून कमी असे सांगितले आहे. टेनिसचा वेळ या मर्यादेतच बसवायला हवा, वरचा म्हणून नव्हे. पण मर्यादेच्या आत सगळे स्क्रीन सारखेच, हे मला पटत नाही. कानात बोंडे घालून कोपऱ्यात एकट्याने पाहिलेले रील आणि चौघांनी उभे राहून, एकमेकांना टोमणे मारत खेळलेला डाव, या दोन्हींचे मोजमाप मिनिटांत सारखे आले म्हणून परिणामही सारखा होत नाही. कायदासुद्धा हा भेद करतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ त्यातून वेगळे ठेवले. घरात नियम करायचा तर तो सोपा आहे: हा खेळ एकट्याने खेळायचा नाही. दुसरा माणूस उठला की यंत्र बंद.

दुसरा आक्षेप नाशिककरांच्या वर्मी लागणारा आहे. सावरपाड्याच्या पायवाटांवरून धावत दिल्लीच्या २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कविता राऊतचा हा जिल्हा. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरला. नाशिकच्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका आडवी पार केली. अशा गावात टीव्हीसमोर टेनिस? उत्तर असे, की या लोकांची बरोबरी मागायला हा खेळ आलेलाच नाही. आणि टेनिसपुरते बोलायचे तर आकड्यांनीच बोलू. दुहेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे २,८०० चौरस फूट; भोवतीची मोकळी जागा धरली तर सात हजारांच्या वर जाते. दोन खोल्यांचे आठ-नऊशे चौरस फुटांचे तीन फ्लॅट नुसत्या रेषांच्या आत मावतील. एवढ्या जागेवर एका वेळी चौघे खेळणार. म्हणून शहरात टेनिसची कोर्ट मोजकी असतात, क्लबात असतात आणि सदस्यत्वाच्या मागे असतात. शेजारच्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने २०२३च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा किती मुलींनी रॅकेट हातात घ्यावीशी वाटून ती न मिळाल्याने विषय सोडून दिला असेल? पडद्यावरचे टेनिस त्यांना खेळाडू करणार नाही. म्हणूनच महापालिकेकडे मैदाने आणि सार्वजनिक कोर्ट मागण्याचा आग्रह एक इंचही ढिला करू नये. मैदानासाठी राखलेल्या जागेवर दुसरेच काही उभे राहत असताना ‘मुले हल्ली घरात खेळतात’ असे कुणी म्हणाले, तर तो लबाडी करतो आहे असे खुशाल समजावे. मैदानाचा वेळ कापून हा खेळ खेळायचा नाही. कापायचा तर मालिकांचा.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तिथे मी निम्मा हरलो आहे. आज हा खेळ बहुतेक ठिकाणी निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर, एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘स्विच स्पोर्ट्स’मधून खेळला जातो. भारतात ते सहसा आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यावे लागते. यंत्र, खेळ आणि जादा रिमोट धरून सहज तीस हजारांच्या घरात जाते आणि वॉरंटीचे काय हे आधी विचारून घ्यावे लागते. चांगला कॅरमबोर्ड याच्या दहाव्या हिश्श्यात येतो. शिवाय नव्याचे नऊ दिवस संपले की यंत्र कपाटात जाते, हेही खरे. पण कॅरमही वर्षभर माळ्यावरच असतो आणि मे महिन्यात पाहुणे आले की खाली उतरतो. त्याबद्दल कुणी त्याला नावे ठेवत नाही. रोज वापरले नाही म्हणून घरातला खेळ वाया गेला असे नसते. प्रश्न आहे तो एवढा खर्च एका घराने करावा का, हा. मला वाटते, ज्या घरात कॅरम आहे आणि त्याभोवती चौघे बसत नाहीत, त्या घराने हे यंत्र घेऊ नये. तिथे उणीव खेळाची नाही, बसण्याची आहे. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढून, हप्ते बांधून तर मुळीच घेऊ नये.

म्हणून हे यंत्र घराऐवजी सामाईक जागी ठेवावे असे सुचवावेसे वाटते. नाशिकमध्ये गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर इथल्या नव्या सोसायट्यांत क्लबहाउस नावाची एक खोली असते. तिथे बहुधा एक टेबल टेनिसचे टेबल असते आणि वाढदिवसांखेरीज कुलूप. तिथल्या टीव्हीला हे यंत्र जोडले तर पन्नास घरांत मिळून खर्च सातशे रुपयांच्याही आत येतो. सिडकोतल्या छोट्या घरांत चौघांनी हात फिरवायला जागाच नसते. प्रत्येक दोघांमध्ये दीड हाताचे अंतर हवे, टीव्हीपासून सहा-सात फूट हवेत, टीपॉय भिंतीला लागायला हवा. तिथे तर सामाईक हॉलच सोयीचा. जुलै-ऑगस्टात मैदानांचा चिखल होतो तेव्हा हा हॉल भरलेला असायला काय हरकत आहे? आणि शहरात ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्याकडे सभागृहे आहेत, सकाळ-संध्याकाळ जमणारी माणसे आहेत. काल्बांच्या अभ्यासातले ज्येष्ठ एकटे नव्हे, तरुण जोडीदारासोबत खेळले होते. तेव्हा शेजारच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास जोडीदार म्हणून पाठवता येईल. याला फार मोठा निधी लागत नाही. आणि ज्येष्ठांसाठी खुर्चीत बसून खेळण्याची मुभा या खेळातच आहे.

धोक्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे यंत्र आले की माहितीपत्रक आधी कचऱ्यात जाते. २००६च्या डिसेंबरात, यंत्र बाजारात आल्याच्या काही आठवड्यांत, निन्टेन्डोला रिमोट मनगटात अडकवायच्या ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती. खेळाच्या भरात रिमोट हातातून सुटून टीव्हीवर, काचेवर आणि माणसांवर जात होते. दोरी मनगटात अडकवल्याशिवाय सर्व्हिस करू देऊ नये. लॉब मारताना हात वर जातो, तेव्हा पंख्याखाली उंच माणसाला उभे करू नये. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने पत्र लिहून कळवले की २९ वर्षांच्या एका धडधाकट माणसाचा खांदा टीव्हीवर तासन्‌तास टेनिस खेळून दुखावला. उपचार काय, तर वेदनाशामक गोळ्या आणि आठवडाभर टेनिस बंद. म्हणजे जोर लावून खेळणाऱ्याला एवढे तरी खरे टेनिस मिळते! सांधे कुरकुरणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खेळावे आणि मागे खुर्ची ठेवावी.

तेव्हा दिवाळीआधी सोसायटीची किंवा संघाची बैठक झाली की हा विषय काढा, हिशेब मांडा आणि निदान एक महिना वापरून पाहा. खेळ सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे वही ठेवा, आणि त्यात गुण लिहू नका. कोण खेळले तेवढे लिहा. दोन आठवड्यांनी त्या वहीत फक्त मुलग्यांची नावे असतील तर बेत फसला असे समजून यंत्र विकून टाका. घरी आणलेच तर पहिल्या संध्याकाळी एक जोडी आजी आणि नातवाची करा, दुसरी आई आणि मुलीची. बाबांनी राखीव खेळाडू व्हावे आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकघराचा ओटा आवरून घ्यावा.